‘मार्केट सुधारू दे, मग बघू’

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची, नवरा ३४ चा. लग्नाला पाच वर्षं झाली. वाकडला टू बीएचके आहे, म्हणजे बँकेचा आहे. हप्ता ४६ हजार. नवरा हिंजवडीत आयटीत. मार्चपासून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून होता, ऑगस्टमध्ये प्रोजेक्ट मिळालं, पण तेवढ्यात टीममधल्या चौघांकडून राजीनामे लिहून घेतले. मी चाकणला एका कारखान्यात पर्चेसमध्ये आहे, पगार मात्र एजन्सीकडून. अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वर्षी नवीन सही. बाळाचा विषय काढला की नवरा म्हणतो, “मार्केट सुधारू दे, मग बघू.” तीन वर्षं हेच ऐकतेय. सासूबाई सांगलीजवळ गावी असतात. त्या म्हणतात, “ज्यानं चोच दिली तो चारा पण देईल. आम्ही काय पगार बघून पोरं होऊ दिली?” त्यात व्हॉट्सॲपवर रोज काहीतरी येतं, शिकलेली माणसं पोरं होऊ देत नाहीत, देशाचं कसं व्हायचं वगैरे. मला मूल हवंय असं वाटतं, आणि महिन्याचा हिशोब बघितला की पोटात गोळा येतो. आम्ही घाबरट आहोत, स्वार्थी आहोत की शहाणे?

– वाकडहून, एक गोंधळलेली

प्रिय गोंधळलेली,

तुझ्या पत्रात हप्ता चौथ्या वाक्यात आला आणि बाळ पार नवव्या. मी २८ वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा गृहकर्जाच्या टेबलावर. समोर बसलेल्या जोडप्याच्या तोंडी आधी काय येतं, यावरून मला बरंच कळायचं. तुमच्या घरात सध्या हप्ता हेच थोरलं अपत्य आहे. त्याचं दुखलंखुपलं आधी बघावं लागतं. गंमत बघ, बँकेनं तुझ्या नवऱ्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या पगारावर भरवसा ठेवलाय आणि तुम्हा दोघांना पुढच्या दोन वर्षांचाही वाटत नाही. अर्थात बँकेकडे घर तारण असतं. बाळाला तारण लागत नाही, म्हणूनच भीती वाटते.

घाबरट, स्वार्थी, शहाणे यातलं काहीच मी तुला म्हणणार नाही. तुम्ही जे करताय ते नोकरीवर जगणारी माणसं जगभर करतात. २०२० च्या टाळेबंदीतले विनोद आठवतात ना? सगळे घरात बसलेत, आता नऊ महिन्यांनी प्रसूतिगृहांत रांगा लागणार! युरोप-अमेरिकेत झालं नेमकं उलटं. २०२० संपता संपता आणि २०२१ सुरू होताना तिथल्या बऱ्याच देशांत जन्म घटले. वेळ होता, माणसं घरात होती, पण नोकरी राहील की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

याहून मोठा दाखला पूर्व जर्मनीचा. १९८९ ला तिथे वर्षाला जवळपास २ लाख बाळं जन्मत होती. भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले. बायका तिथे सर्रास नोकरी करायच्या, मुलं पाळणाघरात ठेवायच्या. ती सगळी घडी विस्कटली. १९९४ साली जन्म ८० हजारांच्याही आत आले. दर बाईमागे मुलांचं प्रमाण ०.७७. युद्ध नाही, दुष्काळ नाही, रोगराई नाही. स्वातंत्र्य आलं होतं, दुकानात केळी-संत्री आली होती, आणि पाच वर्षांत निम्म्याहून जास्त पाळणे रिकामे. त्या बायकांना कुणी स्वार्थी म्हटलं असेलच, माणसं कुठलीही सारखीच. पण उद्याचा दिवस कसा असेल हे दिसेनासं झालं की माणूस परत न फिरवता येणारी गोष्ट पुढे ढकलतो. घर विकता येतं, नोकरी बदलता येते, फार तर नवराही. मूल परत करता येत नाही.

म्हणून तुझ्या नवऱ्याचं वाक्य मी हसण्यावारी नेत नाही. त्या वाक्यात एक गफलत आहे, तिच्याकडे येतेच. आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांचं म्हणणं तुला जास्त टोचतंय असा माझा अंदाज.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी पगार बघून मुलं होऊ दिली नाहीत, कारण मुलाचा खर्च पगारावर पडतच नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. १९८१ ला तिचं लग्न झालं, मेहुणे लालबागला गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांनी संप पुकारला तेव्हा ताईला पाचवा महिना. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात तेव्हा झालं ते एवढंच, की ताईला एसटीत बसवून सासरी, कोकणात पाठवलं. तिथे भात होतं, म्हैस होती, तीन जावा होत्या, एक आजेसासू होती. पोरगं दीड वर्षाचं होईपर्यंत तिथेच वाढलं. मेहुण्यांचा पगार शून्य. पोरग्याला काही कमी पडलं नाही आणि ताईचं मात्र वाट्टोळं झालं. तिला बालवाडीत शिकवायचं होतं, ते राहूनच गेलं. पण त्या हिशोबात ताईची नोकरी कुणी धरलीच नव्हती.

चोच देणारा चारा देतो म्हणतात, तो चारा असा येत होता. जमिनीतून, जावांच्या हातातून, आणि बाईच्या राहून गेलेल्या आयुष्यातून. पोरगं आठ-दहा वर्षांचं झालं की गुरं राखायला, पाणी भरायला उपयोगी पडायचं, हेही आलंच. तुमच्या वाकडच्या सोसायटीत गुरं नाहीत. तिथे मूल निदान बावीस वर्षांचं होईपर्यंत फक्त घेत राहणार, आणि त्याचा बराचसा भाग नर्सरीच्या डोनेशनपासून रोख द्यावा लागणार.

इथे एक कोडं आहे, आणि व्हॉट्सॲपवरची मंडळी नेमकी तिथेच घसरतात. गरीब देशात मुलं जास्त, श्रीमंत देशात कमी. मग पैसा आला की मुलं कमी होतात का? आणि तसं असेल तर मंदीत ती वाढायला हवीत, घटतात कशी? दोन्ही खरं आहे, कारण दोन वेगळे हिशोब आहेत. पिढ्यांच्या हिशोबात मुली शिकतात, कमावतात, बालमृत्यू कमी होतात, आणि दोनच मुलं नीट वाढवू असं घरं ठरवतात. महाराष्ट्रात हे कधीच झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ ला आपल्या राज्याचा आकडा दर बाईमागे २.१ होता, २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. सबंध देशाचा २.०, गोव्याचा तर १.३. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतात. म्हणजे तुझ्या वाकडच्या फ्लॅटनं देश बुडतोय असं काही नाही. यात खेडी आहेत, तालुके आहेत, तुझ्या सासूबाईंच्या गावच्या तरुण सुनाही आहेत. त्यांच्या गल्लीत आता चार मुलं असलेलं घर शोधून दाखवा म्हणावं.

दुसरा हिशोब दोन-चार वर्षांचा. तो नोकरीच्या बाजाराबरोबर वरखाली होतो. तुम्ही आत्ता या दुसऱ्या हिशोबात अडकला आहात. पगार कमी आहे म्हणून अडकलेला नाहीत. तुमच्या दोघांच्या बेरजेच्या निम्म्यात मुलं वाढवणारी कितीतरी घरं मी टेबलापलीकडे पाहिली. पण शिपाई असो की शिक्षक, त्यांना पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू ते माहीत असायचं. तुझं कंत्राट अकरा महिन्यांचं आणि गर्भारपण नऊ महिन्यांचं; त्यातून मोकळे उरतात दोन. जपानमध्ये नव्वदच्या दशकात शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटला तेव्हा कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांना कायम नोकऱ्याच मिळाल्या नाहीत. कंत्राटी म्हणून राहिले ते पुरुष लग्नावाचूनच राहण्याचं प्रमाण मोठं निघालं. तिथे गोष्ट बाळापर्यंत पोचलीच नाही.

कंत्राटावरून एक गोष्ट मनात येते ती लिहूनच टाकते, विषयाला सोडून वाटली तरी. आपल्या बीडकडची ऊसतोड जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात खाडा होतो. म्हणून तिथल्या तरण्या बायका पिशवीच काढून टाकत होत्या, काहींची पस्तिशीही उलटली नव्हती. २०१९ ला त्यावर ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तुझी आणि त्यांची तुलना मी करत नाही, तुला राग येईल आणि यायलाच हवा. पण कामाचा बाजार बाईच्या पोटापर्यंत कसा येतो हे बघायला कोरियाला जावं लागत नाही.

कोरियाचं नाव निघालंच आहे तर तेही. दक्षिण कोरियात २०२३ साली दर बाईमागे ०.७२ मुलं. सरकार पैसे देतं, घरासाठी सवलती देतं, तरी आकडा बरीच वर्षं वर येतच नव्हता. २०२४ ला ०.७५ झाला तर त्याचीच बातमी झाली. तिथे मुली एका पिढीत शिकल्या, नोकरीत गेल्या. घरातलं काम मात्र त्यांच्याच अंगावर राहिलं आणि ऑफिसं रात्री नऊपर्यंत चालत राहिली. मग मुलींनी सरळ हिशोब केला. आपल्याकडचा हिशोब सरकारनंच छापलाय: २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ८८. तेही जे मुळात करतात ते पुरुष. चारातले तीन तर त्यात नाहीतच.

तुझ्या पत्रात या बाबतीत एक शब्द नाही. बाळ झाल्यावर चाकणची बस कोण सोडणार, हे तुम्ही बोललाच नाही आहात, की उत्तर इतकं उघड आहे की बोलायची गरज पडली नाही?

आता ती गफलत. “मार्केट सुधारू दे.” अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांवर बाळं जन्मली, इतकी त्यांच्याकडे कधीच जन्मली नव्हती. मग मंदी आली, आकडा घसरला. सगळ्यांनी म्हटलं, साहजिक आहे, नोकऱ्या आल्या की बाळंही येतील. नोकऱ्या आल्या, बेकारी पार खाली गेली, शेअर बाजार वर गेला. बाळं आली नाहीत. २०२३ ला ती ३६ लाखांच्या आसपास होती. पूर्व जर्मनीत आकडा हळूहळू सावरला, पण त्याला दहा-पंधरा वर्षं लागली. ज्या बायका १९९२ ला तिशीच्या पुढे होत्या त्यांच्या काही ते कामाचं नव्हतं. देशाच्या आकड्याला थांबायला वेळ असतो.

म्हणून नवऱ्याला एक प्रश्न विचार. भांडणात नाही, रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर. ‘सुधारलं’ म्हणजे नक्की काय झालं? तुझा पगार अमुक झाला? बँकेत अमुक साठले? हप्ता अमुकवर आला? त्याला एक आकडा सांगू दे. सांगितला तर तुमच्याकडे ठरवण्यासारखं काहीतरी आहे, मग कागद घेऊन बसा. आणि तो आकडा सांगूच शकला नाही, किंवा दर वेळी नवीन सांगत राहिला, तर मार्केटचा काही संबंध नाही. मग त्याला मूल नको असेल, किंवा बाप होण्याची भीती वाटत असेल, आणि ती भीती म्हणण्यापेक्षा मार्केट म्हणणं पुरुषाला सोपं जातं. दोन्हीत लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तीन वर्षं वाट बघायला लावण्याऐवजी त्यानं ते तुला सांगावं. आणि हाच प्रश्न तू स्वतःलाही विचार, एकटी असताना. “हवंय असं वाटतं” असं तू लिहिलंयस. ‘हवंय’ असं लिहिलं नाहीस. मी शब्दांवर बोट ठेवतेय, माफ कर, कर्जाचे अर्ज वाचून लागलेली खोड आहे. नको असेल तर नको. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. शंभर वर्षांनीही मूल नको म्हणणाऱ्या बाईला तोंड लपवायला लागत असेल तर काही खरं नाही.

हवं असेल, तर आता बँकवाली बोलते.

पुढच्या पगारापासून एका पगारात घर चालवून बघा. तुझा पगार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. सहा महिने. बाळानंतर तुझा पगार काही काळ नसेल तर घर कसं चालेल ते आत्ताच कळेल, आणि साठेल ती तुमची गंगाजळी. हप्ता आणि घरखर्च धरून सहा महिन्यांचं बाजूला पडलं की बेंच या शब्दाची अर्धी भीती जाते. जमतच नाही असं दिसलं तर बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून मिळते का विचारा. एकूण व्याज जास्त जाईल, माझ्या जुन्या साहेबांना आनंद होईल, पण दर महिन्याला श्वास मिळेल. पुढे पैसे आले की आधी फेडा.

विम्याचं आज रात्रीच बघा. नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप विमा बाळंतपणाचा खर्च देत असेल, पण नोकरी गेली की तो विमाही जातो, आणि हे माणसांना नेमकं सातव्या महिन्यात कळतं. स्वतःची पॉलिसी घ्यायला जाल तर बाळंतपणासाठी बहुतेक कंपन्या आधी प्रतीक्षाकाळ लावतात. म्हणजे ती घ्यायची तर आत्ता घ्यायची.

तुझ्या कंत्राटाचं. मागच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम भरलं असेल तर मातृत्वाची रजा तुझा हक्क आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, भरपगारी. एजन्सीमार्फत आहेस म्हणून हक्क जात नाही; पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर पैसे तिथून येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या प्रकरणात सांगितलंय की कंत्राटाची मुदत संपली तरी हा लाभ पूर्ण द्यावा लागतो. पैसे मिळतील. पुढचं कंत्राट मिळेलच असं मात्र नाही, आणि खोटी आशा मी तुला लावणार नाही. ईएसआय नसेल तिथे आपल्या कायद्यानं रजेचा सगळा भार मालकावर टाकलाय, म्हणून तिशीतल्या मुलीची मुलाखत घेताना काही साहेब लोकांच्या डोळ्यांसमोर कॅलेंडर येतं. ते चूक आहे. पण ते होतं हे धरूनच तुला चालायचंय. तेव्हा कायम नोकरीसाठी अर्ज टाकणं या सहा महिन्यांतच सुरू कर. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. तुमच्या कारखान्यात आहे का ते एचआरला विचार, पण मैत्रिणीसाठी विचारतेय असं सांग.

आणि डॉक्टर. ३२ म्हणजे काही उशीर झालेला नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पस्तिशीनंतर मात्र शक्यता भराभर उतरत जाते, हेही तितकंच खरं. दोघांनी तपासून घ्या. दोघांनी म्हणतेय, कारण आपल्याकडे बायको सहा तपासण्या करून येते आणि नवरा तोवर पार्किंगमध्ये गाडीत बसलेला असतो. बीजं गोठवून ठेवा म्हणणाऱ्या जाहिराती हल्ली फार दिसतात. त्यानं वेळ मिळू शकतो, बाळाची हमी मिळत नाही, आणि खर्च तुमच्या दोन-चार हप्त्यांना भारी पडेल.

सहा महिन्यांनी मार्केट कसं असेल, मला सांगता येत नाही. हिंजवडीत ते कुणालाच येत नसावं, नाहीतर मार्चमध्ये तुझा नवरा बेंचवर गेला नसता.

जाता जाता सासूबाईंचं. त्या पुढच्या खेपेला “आम्ही काय पगार बघून” म्हणाल्या की उलट बोलू नकोस. त्यांना विचार, आई, तुमची पोरं लहान होती तेव्हा शेतावर जाताना कुणाकडे ठेवायचात? उत्तर लांबलचक येईल, त्यात जावा येतील, नणंदा येतील, शेजारची कुणी म्हातारी येईल. चहा टाक आणि ऐक. सगळं सांगून झालं की विचार, वाकडला किती महिने येऊन राहाल?